दुसरं सॉकेट

सियागंजच्या मागच्या गल्लीत शब्बीरभाईंचं गोदाम.
बँकांनी टाकून दिलेले सर्व्हर तिथे
किलोवर येतात, नगावर जातात.
"दीदी, बोर्ड की गारंटी नहीं, ज़बान की है."
मी ज़बान घेतली.
बोर्ड रिक्षात मांडीवर, जुन्या चादरीत गुंडाळलेला,
आणि पर्समध्ये टिकल्यांच्या पाकिटाशेजारी
दोन प्रोसेसर, प्रत्येकी आठ कोअर.

भिशीचे अठ्ठावीस हजार.
त्यात छावणीतल्या सात आडत्यांचे हिशेब चालायला हवेत.
सातांचं सॉफ्टवेअर सात तऱ्हांचं,
सातही विंडोज म्हाताऱ्या,
एकीचं तर अजून दोन हजार तीन सालच चालू आहे.
आणि निहारचा गेम चालायला हवा,
ज्यात तो रोज रात्री कुणाला तरी गच्चीवरून टिपतो
आणि सकाळी विचारतो, डबा झाला का.

सात मशीन आणू कुठून.
एकाच पेटीत सात बिऱ्हाडं बसवायची,
आणि प्रत्येकाला वाटलं पाहिजे
की नळ आपला, मीटर आपलं,
भिंतीपलीकडे कुणी नाही.

बोर्ड कॅबिनेटमध्ये मावेना.
शब्बीरभाईंनी सांगितलं नव्हतं, मी विचारलं नव्हतं.
निहारनं ड्रिल धरलं, मी टॉर्च.
पत्र्याचा कीस थेट कणकेच्या परातीपर्यंत.
दोन भोकं चुकली. ती अजून आहेत.

पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा
पंख्यांनी असा सूर लावला
की खालच्या मुंगीकाकू जिना चढून आल्या,
"चक्की घेतलीस का गं?"
पडद्यावर एकच प्रोसेसर.
मेमरी बत्तीस. आम्ही लावली होती चौसष्ट.

रॅम काढली, खोडरबरानं घासली,
जागा बदलून पाहिल्या. तीन रात्री.
निहार म्हणाला, परत करू.
मी म्हटलं, भोकं पाडलेलं कोण घेतं परत.
चौथ्या दिवशी खिडकीच्या उन्हात
दुसरं सॉकेट तिरपं धरलं, तेव्हा दिसलं.
दोन हजार अकरा सोनेरी टाचण्या,
सगळ्या एकाच दिशेला,
आणि एक कूस वळून झोपलेली.

राजवाड्याजवळ पागनीसांचं घड्याळाचं दुकान.
डोळ्याला भिंग चढवत म्हणाले,
"हे कुठल्या घड्याळाचं?"
"वेळ नाही दाखवत हे."
"मग काय करतं?"
"वाटून देतं."
त्यांनी श्वास धरला. चिमटा उतरला.
बाहेर एक टेम्पो हॉर्न देत राहिला, देत राहिला.
पैसे घेतले नाहीत.
हल्ली लोक फक्त सेल बदलायला येतात, म्हणाले,
कितीतरी वर्षांनी काही बारीक आलं हातात.

आता डावा प्रोसेसर आडत्यांचा, उजवा निहारचा.
ग्राफिक कार्ड आम्ही थेट त्याच्याच बिऱ्हाडाला जोडलं,
घरमालकाला त्याचं तोंडही दिसत नाही.
मेमरीचंही तसंच.
ज्याची त्याची ज्याच्या त्याच्या उशाशी,
दुसऱ्याची हवी तर मधला पूल ओलांडावा लागतो.
उशीर होतो. फार नाही, पण होतो.
"म्हणून आई, शक्यतो आपल्या बाजूचंच वापरायचं,"
निहारनं मला समजावलं,
कागदावर दोन चौकोन काढून, मध्ये एक रेघ.

रात्री एक वाजला आहे.
मी दोन हजार तीनमध्ये
सोयाबीनची आवक टाकते आहे, नव्वद पोती.
भिंतीपलीकडून तो ओरडतो, "भिया, पीछे देख!"
मेजाखाली एकच पेटी गरम होते आहे,
माझ्या पावलांना तिची ऊब लागते.
मी विचारते, "जेवलास?"

उत्तर पुलावरून यायला थोडा वेळ लागतो.
"हो."

ओट्यावर ताट झाकलेलं तसंच.