घमेलं

चिमटीचा मागचा पाय मोडला
रेतीच्या ट्रॅक्टरखाली, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.
काटेखाये डॉक्टरांनी बांबूची कामटी लावून पट्टी बांधली,
म्हणाले, एकवीस दिवस बाहेर सोडायची नाही.
आणि चपला घालताना, मागे वळून :
तिच्या त्या कामाचं बघा काहीतरी.

ते काम.
बारा वर्षं ग्रामसेवक आहे मी,
ते काम सोडून दुसरं पाहिलं काय?

पहिल्यांदा घमेल्यात रेती घातली, चुलबंदची,
पंचायतीमागे जप्तीत पडलेली,
बहुतेक त्याच ट्रॅक्टरमधली.
चाळली, धुतली, तव्यावर भाजून कोरडी केली.
तिनं हुंगली आणि माझ्याकडे पाहिलं.

राइस मिलचा भुसा : पट्टीत कुसळं अडकली,
रात्रभर चाटत बसली.
आरागिरणीचा सागवानी भुसा : शिंकली.
चुलीतली राखड : घरभर पांढरे ठसे,
तीन-तीनचे.

मग नागपूरहून कंडक्टरच्या हाती पोतडी मागवली,
चारशे ऐंशी रुपये, वर हसरं विलायती मांजर,
आत गुलाबाच्या वासाचे दाणे.
बायको म्हणाली, लग्नात शिरल्यासारखं वाटतं.
चिमटी घमेल्यात चढली,
दोनदा गोल फिरली,
आणि झोपली.

दोन दिवस तिनं धरून ठेवलं.
पोट डफासारखं.
पहाटे साडेचारला दाराशी जाऊन ओरडायची,
बरोबर त्याच वेळेला,
ज्या वेळेला मी शिट्टी घेऊन निघायचो.

टॉर्च, शिट्टी, झेंडूची फुलं,
मागे अंगणवाडीच्या दोघी, जांभया देत.
बांधीच्या धुऱ्यावर दसाराम लांजेवार,
सत्तरीचे, उजेड पडताच
धोतर सावरत उठायचे, अर्ध्यातून.
घरी त्यांच्या सरकारी संडास, पांढऱ्या टाइल्सचा,
आत मोहफुलांची पोती.
"माले तेथं होत नाई जी साहेब.
आंगच आयकत नाई."
मी फूल दिलं त्यांना.
अहवालात लिहिलं : मानसिकता नाही.
वेशीवर पाटी लागली, हागणदारीमुक्त.
पाटीखाली माझं नाव नव्हतं,
तरी मी जाता-येता वाचायचो.

तिसऱ्या पहाटे घमेलं घेऊन
त्यांच्या परसाशी उभा राहिलो.
जागेच होते. काय म्हणावं कळेना.
मांजरीसाठी माती, म्हणालो.

हसले नाहीत.
"तुमची मांजर तं माह्या वांग्याच्या वाफ्यात येते.
खरडी नोको, टोचते. मोरांड घ्या."
उकिडवे बसले, ढेकळं बोटांनी फोडली,
खडे वेचून बाजूला टाकले,
वाफ्याच्या कोपऱ्यातली जुनी मूठभर
वरून पसरली :
"तिची तिले वळखू येते."

घरी घमेलं टेकवलं, कोपऱ्यात, मोरीजवळ.
चिमटीनं नाक घातलं. थांबली.
पुन्हा नाक घातलं.
मग तीन पायांवर तोल सांभाळत
उकरायला लागली, वाकडंतिकडं,
माती अर्धी फरशीवर.

कान मागे करून ती बसली,
आणि माझ्याकडे पाहिलं.

मी टॉर्च विझवला.
भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो,
माती सरकल्याचा आवाज येईपर्यंत.