बर्फाची जाडी

कल्लावेसी तळं गोठलं की त्यावर रस्ता आखायचं काम माझं.
गिरमिटानं भोक पाडायचं, आकडी घालायची,
जाडी वहीत लिहायची.
वीतभर भरली तर माणूस,
दोन वीत भरली तर मोटार.
कमी भरेल तिथं काठीला लाल फडकं.
एकवीस हिवाळ्यांत माझ्या रस्त्यावरून
कुणी आत गेलेलं नाही.

आज कुओपिओच्या इस्पितळात
डॉक्टर हेल्लेवी पडद्यावर बोट ठेवून म्हणाल्या,
ही विलियाच्या मेंदूची साल.
साल म्हणाल्या. संत्र्याला असते तशी.
सगळ्यांचीच काही मिलिमीटर असते,
हिची आणखी पातळ झालीय,
मधल्या पाण्याच्या जागा रुंदावल्यात.
मला काळं पाणी दिसलं,
मागे सरलेले काठ.
विचारलं, फडकं कुठं लावायचं होतं?
त्यांना कळलं नाही.

विलिया म्हणजे आमच्या भाषेत धान्य.
कापणीत जन्मली म्हणून आईनं ठेवलेलं नाव.
ते धान्य आता पंधरा वर्षांचं,
भाकरीचे सोळा तुकडे करतं
आणि एकच चावत बसतं
खिडकीतला उजेड संपेपर्यंत.
रात्री पाककृतींची पुस्तकं वाचते.
न खाल्लेले सगळे केक तिला तोंडपाठ.

मी ओरडलो होतो एकदा.
म्हणाली, "बाबा, मी नाही म्हणत नाहीये.
आत कुणीतरी म्हणतंय."
मला सोंग वाटलं.
हट्ट, वय, मोबाइल,
काय काय नावं दिली मी त्याला.

उपाशी मेंदू एकाच चाकोरीत फिरतो, डॉक्टर म्हणाल्या,
वळायचं म्हटलं तरी वळवत नाही त्याला.
शिवाय या वयात आत बांधकाम चालू असतं.
घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात.
इथं थंडी भागवायला
वासेच चुलीत गेलेत.

"भरून येतं?"
"बहुतेकदा येतं. वजन आधी, विचार मागाहून.
तोवर ती तुम्हाला वैरी समजेल."

बर्फ खालच्या अंगानं वाढतो.
वर उभं राहून काही दिसत नाही.

संध्याकाळी वही काढली. तारीख घातली.
जाडीच्या रकान्यात लिहिलं:
अर्धी वाटी सूप. पन्नास मिनिटं. रडली.
खिशात एक लाल फडकं राहिलं होतं.
ती त्यालाच नाक पुसून
पुन्हा चमच्याकडे बघत बसली.