सोबत कन्नड भाषांतर

निपाणीहून सहाची गाडी.
पिशवीत डबा, निबंधाच्या तीन प्रती
आणि जुन्या साडीच्या घडीत ती वही.
खरं तर बाहेर न्यायची नाही. पण नोंदवहीत
मी माझ्याच सहीनं ती मलाच दिली आहे.

बेळगावात स्वागताचा फलक तीन भाषांतला,
शुद्धलेखनाची चूक फक्त इंग्रजीत.
समाजशास्त्रांचे ग्रंथपाल, आम्ही एकूण बासष्ट:
तीनशेपासून तीनशे नव्व्याण्णवपर्यंत
माणसांनी एकमेकांचं जे काही केलं
ते ज्यांच्या कपाटांत राहतं, ते.

पहिलं सत्र समया पेटवण्यातच गेलं.
दुसऱ्यात प्रत्येकी दहा मिनिटं, आठव्याला घंटा.
सौंदत्तीच्या बाई वाचकांच्या आकड्यांवर बोलल्या,
आवाज उतरलेला,
जणू घरातलंच कुणी आजारी.
मग मी. तंबाखूच्या वखारीतल्या बायकांची सभावही,
डाव्या पानावर मराठी, उजवीकडे त्याचंच कन्नड.
वर्गांक कोणता द्यावा?
कामगारांत ठेवली तर बायका शोधणारीला सापडत नाही,
बायकांत ठेवली तर मजुरी हरवते.
एका वहीला एकच जागा,
हा आमच्या धंद्याचा सगळ्यात जुना जुलूम.
घंटा. अध्यक्ष म्हणाले,
'संगणकात दोन्हीकडे दिसेल. पुढचे?'

जेवणाच्या रांगेत मागून हाक आली.
हुक्केरी तालुक्यातले ईरण्णा कमतनूर, शाखा ग्रंथालय,
चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली.
'वही बघू काय वो बाई?'
ताट ठेवून हात धुऊन आले,
बोटं एकेक करून पुसली,
आणि खिडकीशी उजवं पान वाचू लागले, ओठ हलवत.
मी भात कालवत होते.

'हे तसं न्हाई वो. तुमी म्हणालासा भाषांतर.
हिकडं ठराव न्हाईच की.'

मग बोट ठेवत ठेवत सांगितलं:
गौरव्वाचे दोन शेर जोंधळे यायचे आहेत, मागू नयेत.
तंगेव्वाला खोकला, तिची पाटी कल्लव्वानं भरली.
मुकादम दिसला की आधी कुणी खाकरायचं, त्याच्या पाळ्या.
बाळंतपणाला सहा रुपये, चौघींचे मिळून.
डावीकडे त्याच तारखेला:
'मजुरीवाढीची मागणी एकमताने मंजूर.'

अकरा वर्षं माझ्या कार्डावर, माझ्या वळणदार अक्षरात,
'सोबत कन्नड भाषांतर'.
मी निपाणीतच जन्मले. रोज ऐकते कन्नड,
शेजारणीचं भांडण पुरतं कळतं,
आणि वाचता येत नाही हे सांगताना
आमच्याकडे थोडी ऐट करायची पद्धत आहे.
लाज वाटली म्हणणं सोपं.
आधी मला राग आला, ईरण्णांचाच,
की त्यांना ते इतकं सहज वाचता आलं.

'आता तुमचं वाचा की. मी बोलतो मराठी,
लिवलेलं अडखळतंय.'
आत तिसरं सत्र सुरू झालं, माहितीचं भवितव्य की काहीसं.
आम्ही खिडकीशीच.
वाढपी पातेली उचलून गेले,
एका पानावर तेलाचा डाग होता,
तिथे दोघंही गप्प.

परतीच्या गाडीत प्रमाणपत्र उघडलं: माझं आडनाव चुकलेलं.
काकती गेली, हत्तरगी गेलं,
मी मनात ओळी जुळवत होते, मोडत होते.
तवंदीच्या घाटात दिवे लागले तरी एक धड नाही.

सोमवारी कार्ड काढलं. जुनी ओळ खोडली,
खोडलेली दिसेल इतपतच.
खाली पेन्सिलनं लिहिलं:
'उजवी पानं निराळी आहेत.
वाचायची असतील तर ईरण्णांना विचारा,'
आणि त्यांचा फोन नंबर.
असा रकाना कार्डावर नसतो.
समासात बसवला.