झेंड्याचा नमुना

नगरपंचायतीचा शिपाई चिठ्ठी घेऊन आला:
शहापूरला स्वतःचा झेंडा हवा.
रंग तीनच्या वर नकोत, कापडाचा भाव बघता.
मुदत पंधरा दिवस. मानधन यथावकाश.

छत्तीस वर्षं मी पोरांना
पाच-पाच मार्कांची केळी काढायला शिकवली.
झेंडा कधी काढला नव्हता.

सभागृहात पंखा एकच, तोही अध्यक्षांच्या डोक्यावर.
निचिते म्हणाले, माहुलीचे सुळके घ्या.
विशेबाई म्हणाल्या, भाताची लोंबी.
कुणी आसनगावचं स्टेशन म्हणालं,
त्याला खाली बसवलं, ते गाव वेगळं.
एकाने मोबाईलवर बिबट्या दाखवला,
मागच्या वर्षी त्याची पाच कोंबडी गेली होती.
मी वहीत सगळं उतरवून घेतलं.
सगळं काढलं असतं तर
मिठाईच्या खोक्याचं झाकण झालं असतं.

रात्री खोडरबर घेऊन बसलो.
सुळके राहिले, करडे, तीन रेघांचं काम.
मधे हिरवं.
खाली निळा पट्टा, भातसाचा.
धरण आपल्या तालुक्यात आहे,
एवढं तरी कुठे लिहिलेलं असावं म्हटलं.

शब्बीर फक्कींनी निळ्याला चिमटीत धरून पाहिलं.
"मास्तर, हे सुती. फडकणार नाही, लोंबेल."
म्हटलं, नमुना आहे. नमुन्याला वारा कशाला?

कचेरीच्या गच्चीत बांबूला बांधला.
लोंबला.
मंजुळा आगिवले झाडू थांबवून बघत राहिली.
"यो निळा कंचा?"
"भातसाचा."
"म्हंजी मुंबईचा,"
आणि जिन्याची पुढची पायरी झाडायला लागली.

भूमितीच्या चित्रकलेत एक नियम आहे:
जी कड असते पण दिसत नाही
ती तुटक रेघेनं दाखवावी.
हजार वेळा फळ्यावर लिहिलाय.
पट्टा पुसला, तिथे तुटक रेघ ओढली,
आणि कागद सभेपुढे ठेवला.
"मास्तर, शाई संपली का?"
सगळे हसले, मीही हसलो.
झेंड्याचा विषय तहकूब,
गटाराचा विषय पुढे घेतला.

नमुना मंजुळा मागून घेऊन गेली.
कशाला, ते मी विचारलं नाही.

एप्रिलच्या शेवटाला तिच्या पाड्यावरून जात होतो,
टँकर उभा होता, हंड्यांची रांग वळणापर्यंत.
तिच्या हंड्याच्या तोंडावर
माझा झेंडा, चार पदरी दुमडून,
सुळके आत, हिरवं आत,
निळा वर.
पाणी त्यातून खाली उतरत होतं
आणि निळ्यावर गाळ धरत होता, मातकट,
चौथा रंग,
मंजुरीत नसलेला.

"सुती हाय ते बरं हाय, मास्तर," ती म्हणाली,
आणि कापड झटकून
दुसऱ्या हंड्यावर बांधलं.