तिसरी प्रत

वाल्पराईसोच्या आमच्या टेकडीवर
घरं एकमेकांच्या खांद्यावर पाय देऊन उभी आहेत.
हादरा बसला की आधी कपबशा बोलतात, मग कुत्री,
मग एलिसेओ उठतो
आणि अंधारात डिस्कवर हात ठेवतो.
माझ्यावर नाही. ती तक्रार आता जुनी झाली.

एक्केचाळीस हजार गाणी.
बंदराजवळच्या रेडिओ केंद्रात त्यानं तीस वर्षं टेपा फिरवल्या.
केंद्र बंद पडलं तेव्हा कचऱ्याच्या गाडीमागे धावत
खोकी उतरवून घेतली.
पुढचे अकरा हिवाळे आमच्या जेवणाच्या टेबलावर
जेवण सोडून सगळं होतं.

त्याचा नियम: प्रती तीन.
एक टेबलाखाली, पंख्यासारखी घरघरणारी.
एक कपाटात, माझ्या स्वेटरांत गुंडाळलेली;
थंडीत स्वेटर मागायला मला परवानगी लागते.
तिसरी पलीकडच्या टेकडीवर, बहिणीकडे,
कारण आग टेकडी चढते, दरी ओलांडत नाही,
असं तो म्हणतो. वाऱ्याला कुणी विचारलेलं नाही.
महिन्याच्या पहिल्या शनिवारी
पावाच्या पिशवीत डिस्क घालून
चारशे पायऱ्या उतरतो, तेवढ्याच चढतो,
आणि ओतिलिया त्याच्याआधी डिस्कला खुर्ची देते.

ऐकत मात्र नाही.
ऐकायला वेळ कुठला?
रात्रभर पडद्यावर आकडे सरकतात,
हा जपमाळ ओढावी तसा पुटपुटतो,
जुळलं, जुळलं, जुळलं.
कुणी एखादं गाणं मागितलं की याच्या पोटात गोळा येतो.
दिलेली वस्तू परत येत नाही म्हणे.

परवा मीच म्हटलं,
आबेलिनो मामाचं लाव ना.
आमच्या लग्नातलं, गिटारची तार तुटते ते,
मामा शिवी हासडतो,
आणि माझी आई ओरडते, अरे, पोरं बसलीत इथे!

चार मिनिटं बारा सेकंद.
काटा सरकला. आवाज नाही.
कपाटातली प्रत काढली: आवाज नाही.
सकाळी न खाता पलीकडची टेकडी गाठली:
तेवढीच लांबी, तेवढंच वजन,
तीच शांतता.
नऊ वर्षांपूर्वी कधीतरी एका रात्री गाणं पुसलं गेलं होतं
आणि त्यानंतर दर महिन्याला
त्या रिकामेपणाची आम्ही इमानेइतबारे नक्कल करत होतो,
स्वेटरात, कुलपात, पावाच्या पिशवीत.
जुळलं, जुळलं.

तो पायरीवर बसून राहिला.
तेव्हा मला सांगावं लागलं
की फ्रिज वर चढवून दिला त्या वर्षी
मासळीवाल्या हर्मोहेनेसला मी
एक सीडी दिली होती. तू झोपला होतास.

हर्मोहेनेसच्या दुकानावर सीड्या टांगलेल्या असतात,
चकाकी बघून समुद्रपक्षी दचकतात म्हणून.
एलिसेओनं वर पाहिलं आणि डोळे मिटले.
ती नाही रे, हर्मोहेनेस म्हणाला,
ती गाडीत आहे. रोज पहाटे ऐकतो.
तुमचा मामा काय शिवी देतो!

खवले चिकटलेली, कडेला तडा गेलेली.
दोन जागी अडखळते.
पण तार तुटली.
आई ओरडली, पंचवीस वर्षांपूर्वी गेलेली माझी आई,
पोरांची काळजी करत.
एलिसेओनं नक्कल केली. आकडे जुळले नाहीत.
त्यानं दुसऱ्यांदा तपासलंही नाही.

संध्याकाळी सीडी परत करायला तो स्वतः गेला,
उशिरा आला, अंगाला बांगड्याचा वास,
आणि बूट काढता काढता,
माझ्याकडे न बघता विचारलं:
आणखी कुणाला दिली होतीस?

मी चहा टाकला.
नावं बरीच आहेत.