नमुना, आवृत्ती नऊ

नेरेआ एचेवेरीनं नोकरी सोडताना मागे ठेवला
फक्त डावीकडून तापणारा हीटर
आणि बारा मथळ्यांचा एक कोरा दस्तऐवज.
नवा घटक करायचा तर आधी हा भर, म्हणाली,
कोड नंतर. कोड कुणालाही येतो.

मॉन्टेव्हिडिओत जुलै.
खिडकीच्या फटीत कुणीतरी वर्तमानपत्र कोंबलंय,
तरी नदीवरचा वारा आत येतोच.
खाली दूधसंघाचे टँकर वळतात,
वर माझ्या पडद्यावर त्याच दुधाचे आकडे :
लिटर, तापमान, गोठ्याचा क्रमांक, वेळ.

मला करायचीय एक गाळणी.
एकदा लिहायची, मग सगळ्यांनी वापरायची,
सान होसेच्या टाक्यांनी, फ्लोरिडाच्या टँकरांनी,
उद्या चीजच्या गोदामानंही.
तीच नोंद दोनदा आली तर
एक ठेवायची, एक टाकायची. एवढंच.

पहिला मथळा : हेतू, एका वाक्यात.
(दोन लागली तर ते दोन घटक आहेत,
असं खाली बारीक अक्षरात.)
दुसरा : आत काय येतं.
तिसरा : बाहेर काय जातं, आणि तसं वचन कुणी दिलंय.
चौथा भराभर भरला.
पाचव्याशी अडलो :
दोन वेगळ्या गोष्टी हुबेहूब सारख्या दिसल्या तर?

असं कसं होईल, मी मोठ्यानं म्हणालो.

विल्मार बेन्तान्कोरनं खुर्ची फिरवली.
भोपळ्याच्या पेल्यात, हिरव्या पाल्यावर
बेतानं पाणी ओतलं.
"कार्दालपाशी दोन भाऊ. भांडले, गोठा वाटून घेतला,
मधून तार ओढली. गायी निम्म्या निम्म्या.
धार काढायची वेळ बापानं लावलेली, पहाटे चार,
ती दोघांनीही मोडली नाही.
क्रमांक तेवढा वाटायचा राहिला.
आकडे तेव्हा आम्ही शंभरात गोल करायचो.
इकडे सहाशे, तिकडे सहाशे.
गाळणीला वाटलं, एकच दूध दोनदा आलं."

किती दिवस?

"अकरा. दर वेळी धाकट्याचंच गेलं,
त्याची नोंद दोन सेकंद मागून यायची.
त्याला वाटलं, थोरल्यानंच काही केलं.
तारेवर दुसरी तार चढली.
नेरेआ स्वतः गाडी घेऊन गेली, हिशेब दाखवला.
पैसे मिळाले. तार आहे अजून."

दुधानं पोळलेलं तोंड तिचं,
आणि ताक फुंकत बसलोय मी.

मग बाकीचे मथळे पुन्हा वाचले, सावकाश.
घड्याळं मागेपुढे असली तर.
मोजमापाचं एकक कुणी न सांगता बदललं तर.
हा घटक कुणी वापरू नये.
प्रत्येकाखाली कोरी जागा, चार ओळींची.
विल्मारला विचारलं नाही
यातलं कुठलं कुणाचं दूध, कुणाची रात्र.

पाचव्यात लिहिलं :
खात्री नसेल तर पुसू नये. बाजूला ठेवावं.
माणसाला दाखवावं.

दहावा : रात्री कुणाला उठवायचं.
तिथे नमुन्यादाखल अजून तिचाच नंबर,
शेवटचा आकडा सात.
पुसायला गेलो, बोट थबकलं.
तो बाजूला ठेवला,
खाली माझा लिहिला, दोनदा तपासला.

अकरावा उद्या.
हीटरची कूस बदलायला हवी.