काही सापडलं नाही

पहिल्या वेळी मी हरखले होते.
गाठ नाही, पाणी नाही, अंडाशय अगदी नॉर्मल,
म्हणाल्या तुलाय डॉक्टर.
नुसता पीळ पडला होता, आम्ही उलगडला.
काळंनिळं पडलेलं, पण रंग परत येतोय, म्हणून ठेवलं.
रीझेच्या इस्पितळाच्या पायरीवर बसून
मी लागोपाठ दोन ग्लास चहा प्यायले.
घरी जाऊन कोंबडा कापला, शेजारीपाजारी वाटला.
अकरा वर्षांची पोर. काहीच सापडलं नाही.

आता इलक्नुर तेरा वर्षांची. पुन्हा उजवीकडेच,
पुन्हा पहाटे, पुन्हा ती हिरवी उलटी,
आणि पिकअपमध्ये डोंगर उतरताना
दर वळणाला तिच्या तोंडून निघणारा तो आवाज.
मागच्या खेपेला मी अपेंडिक्स म्हणत होते,
तिचा बाप म्हणत होता, काहीतरी खाल्लं असेल.
ह्या खेपेला कुणीच काही म्हणालं नाही.

डॉक्टरांनी रिपोर्टच्या पाठीवर चित्र काढलं:
एक नासपती, दोन अंगांना दोन बदाम,
मध्ये दोर.
हिचा दोर लांब आहे. आणि हे वाढतं वय.
एकदा फिरलेलं पुन्हा फिरू शकतं.

गाठ असती तर?

तर काढली असती. बहुधा प्रश्न मिटला असता.

ज्या 'काहीच नाही'साठी मी कोंबडा कापला
तेच आता धोक्याच्या यादीत.

मी म्हटलं, आमच्या दरीवर तारेचा दोर आहे,
खुडलेल्या चहाची गाठोडी त्यावरून उतरतात.
सैल पडला की गाठोडं भोवंडतं.
जेमाल भाऊजी दर मे महिन्यात तो ताणून घेतात.
हा नाही का ताणता येत?
येतो, त्या म्हणाल्या. टाके घालून आखूड करतात, बांधून ठेवतात.

मग तेव्हाच का नाही बांधला?

त्यांनी पेनाला टोपण लावलं.
पहिल्या वेळी सहसा बांधत नाहीत.
बहुतेकींना पुन्हा होत नाही.

बहुतेकी.
कोण असतील त्या, कुठल्या गावच्या,
रात्री कशा गाढ झोपत असतील त्यांच्या आया.

एक गोष्ट मी दारात पोचल्यावर विचारली.
सतरा वर्षांची असताना मळ्यात मी अशीच दुमडले होते.
आईने वीट तापवून पोटाशी धरली,
अर्ध्या तासात गेलं, खुडणी पुरी केली.
पुढे बहिणीला तीन मुलं, मला ही एकच, तीही उशिरा.
माझ्याकडून तर नाही ना आलं?
तसं काही सांगता येत नाही, त्या म्हणाल्या.
दार मी हळूच लावलं.

दोन्हीकडे टाके घातलेत.
पोर विचारते, होरोन नाचता येईल का, लग्न आहे सप्टेंबरात.
विचारू, म्हणते मी.
बांधलेलंही सुटू शकतं, क्वचित,
हे तिला सांगितलेलं नाही.

रात्री ती कूस बदलते.
मी जागी होते.